उन्हाळ्यातलं कडक फॉर्मलिन

उन्हाळ्यात फॉर्मलिन कडक ठेवायचं, हा नियम माझाच. पुस्तकात तो नव्हता. पुस्तकात होतं एक भाग औषध आणि नऊ भाग पाणी. पण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांनी अकोल्याचा मे महिना कुठे पाहिला होता? ऑपरेशनमध्ये काढलेला मांसाचा तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत टाकून अमरावतीला माझ्या लॅबमध्ये यायचा, तेव्हा बाटली हातात धरवत नसे. एकदा दोन तुकडे सडून आले आणि आठवडाभर लॅबमध्ये कोणाला जेवणाचा डबा उघडता येईना. त्यानंतर मी ठरवून टाकलं, मार्च ते जून एकास तीन. दोन्ही जिल्ह्यांतल्या हॉस्पिटलांना बाटल्या मीच भरून पाठवत असे. उन्हाळ्यातल्या बाटल्यांच्या झाकणावर लाल खूण करायची, म्हणजे नर्सबाई त्यात पाणी घालणार नाहीत. त्या लाल खुणेचा मला केवढा अभिमान होता, हे आता सांगतानाही लाज वाटते.

फॉर्मलिनचा आंबटपणा मारायला त्यात क्षार घालतात. ते मी घालत नसे. काचेवर फरक दिसत नव्हता, मग कशाला? आणि तुकडा एकदा बुडाला की घाई कसली, असं माझं म्हणणं. माझ्या टेक्निशियनला मी सांगायची, बरणीतलं लोणचं आहे रे, आज काढ नाहीतर चार दिवसांनी काढ. तो बिचारा हसायचा आणि शनिवारी दुपारी गावी निघून जायचा.

मी पॅथॉलॉजिस्ट. माझं काम नजरेचं. तुकडा फॉर्मलिनमधून काढायचा, मेणात बसवायचा, त्या मेणाच्या ठोकळ्याला आम्ही ब्लॉक म्हणतो, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून आजाराचं नाव सांगायचं. वीस-बावीस वर्षं मी हेच करत आले होते. अमरावतीत माझी नजर पक्की म्हणून नाव होतं. नाव झालं की माणूस स्वतःला प्रश्न विचारणं बंद करतो, तसं माझं झालं होतं.

ती वर्षं वऱ्हाडाला फार वाईट होती. कापसानं दगा द्यायचा, सोयाबीननं द्यायचा, आणि सरकारी दवाखान्यात फवारणीचं औषध प्यायलेल्यांच्या खाटांची एक रांगच झाली होती. अशा दिवसांत एखाद्या गावातली सात वर्षांची पोरगी सकाळी उठून उलटी करते, चालताना भिंत धरते, याकडे कोणाचं लक्ष जाणार? हिवरखेडच्या त्या पोरीला तीन महिने पोटाची औषधं दिली. शेजारच्या वावरात फवारणी चालते, तिचा वास लागतो, असंच सगळ्यांनी धरून चाललं होतं. अकोल्याला डोक्याचा फोटो काढला तेव्हा लहान मेंदूत लिंबाएवढी गाठ निघाली.

तिचा बाप गाद्या-रजयांचं काम करायचा. पिंजारी. घराण्यात कापूस पिंजायचं काम आजा-पणजापासून. अकोल्यालाच ऑपरेशन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तो स्वतः बाटली घेऊन अमरावतीला आला. पोरगी अजून शुद्धीवर यायची होती, आणि सर्जननं त्याला सांगितलं होतं की पार्सलवर सोडू नका, हातानं नेऊन द्या. पन्नाशीकडे झुकलेला, दाढीत कापसाचे तंतू अडकलेले, बाटली दोन्ही हातांत धरून तो दारातच उभा. मी म्हटलं, “ठेवा भाई तिथे.” त्यानं इकडे-तिकडे बघितलं आणि विचारलं, “इथं ठेवू का जी? पडन त नाई?”

बाटलीवर लाल खूण होती. मी ती बघितली आणि निश्चिंत झाले. टेक्निशियन गावी गेलेला होता, सोमवारी त्याच्याकडे लग्न निघालं, तो बुधवारी उगवला. गुरुवारी तुकडा फॉर्मलिनमधून बाहेर निघाला. बाटलीत राहिलेला मांसाचा चुरा मी तसाच ठेवून दिला.

काचेवर ते चित्र मी ओळखलं. लहान, गोल, निळ्या पेशी, एकमेकींना खेटून बसलेल्या. मुलांच्या मेंदूत असं दिसलं की आम्ही एक लांबलचक नाव लिहायचो आणि सही करायचो. मी लिहिलं. पण त्याच्या मागच्याच वर्षी नागपूरला एका परिषदेत मी ऐकून आले होते की या एका नावाखाली निदान चार वेगवेगळे आजार राहतात. डोळ्यांना सगळे सारखे, पेशीच्या आतला डीएनए वाचला तरच वेगळे कळतात. त्यातला एक मवाळ. त्याची मुलं बहुतेक जगतात, आणि त्यांना किरणं कमी दिली तरी भागेल का, हे मोठ्या ठिकाणी बघत होते. एक अगदी जहाल. उरलेले मधले. त्या भाषणाच्या वेळी मी मागच्या रांगेत बसून मनात म्हणाले होते, ही मुंबई-पुण्याची चैन आहे, आमच्याकडे लेकरू दवाखान्यापर्यंत पोचलं तरी पुष्कळ. आता तोच चैनीचा प्रश्न माझ्या टेबलावर येऊन बसला होता.

पंधरा दिवसांनी ती पोरगी माझ्या लॅबमध्ये आली. डोक्याचे केस काढलेले, मानेवर टाके, ओढणी कानामागून गुंडाळलेली. तिची आई तिला कडेवर घ्यायला बघत होती आणि ती पाय झाडून खाली उतरत होती. खाली उतरली आणि तिनं वाचायला सुरुवात केली. भिंतीवरची पाटी, कपाटावरची चिठ्ठी, बाटल्यांची नावं. दुसरीतली पोर, पण ‘निर्जंतुक’ हा शब्द एका दमात वाचला आणि मला विचारलं, “म्हंजे काय?” मी सांगितलं. “मंग असं काहून नाई लिवलं?” ती म्हणाली. मला हसू आलं. तिचा बाप मात्र हसला नाही, नुसता तिच्याकडे बघत राहिला. म्हणाला, “येष्टीत बसली का रस्त्याच्या साऱ्या पाट्या वाचते जी. गप म्हनलं त मनात वाचते.”

तेव्हा मी त्याला समजावून सांगितलं. मुंबईला ब्लॉक न्यायचा. तिथे तपासणीत कळेल की गाठ कोणत्या जातीची. मवाळ निघाली, तर डोक्याला किरणं कमी देतील. तसं कळलं नाही, तर पूर्ण द्यावी लागतील, आणि सात वर्षांच्या डोक्याला पूर्ण किरणं दिली की जीव वाचला तरी बुद्धी मागे पडते.

त्यानं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हंजे मॅडम, तिचं वाचनं राहीन का जाईन, ते या तुकड्यावर हाय?”

“हो,” मी म्हटलं.

त्यानं खिशातून मूठभर पिंजलेला कापूस काढला. पांढराशुभ्र, त्याच्याच हातचा. ब्लॉक त्यात लपेटला, वरून रुमाल बांधला. “धक्का नाई लागला पायजे,” म्हणाला. ब्लॉक नेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगायची, उन्हात ठेवू नका, मेण आहे. त्या दिवशी सांगितलं की नाही, आठवत नाही. आठवत नाही म्हणजे सांगितलं नसणार.

बायको-पोरीला त्यानं बसमध्ये बसवून दिलं आणि स्वतः स्कूटरवर अकोल्याला निघाला, सर्जनकडून मुंबईची चिठ्ठी घ्यायला. ब्लॉक स्कूटरच्या सीटखालच्या डिक्कीत, इंजिनाच्या डोक्यावर. वर मे महिन्याचं ऊन, खाली तापलेलं इंजिन आणि भोवती कापूस, जो ऊब धरून ठेवतो म्हणूनच आपण त्याची रजई करतो. गाद्या-रजयांत जन्म गेलेला माणूस तो. मऊ कापसात वाईट होऊ शकतं, हे त्याच्या मनात यावंच कसं? अकोल्याच्या दवाखान्याबाहेर स्कूटर तीन तास उन्हात उभी होती. डिक्की उघडली तेव्हा मेण कापसात मुरलं होतं आणि तुकडा त्या चिकट गोळ्यात अडकून बसला होता.

दुसऱ्या दिवशी तिघंही परत माझ्याकडे. त्यानं रुमाल टेबलावर सोडला.

आता खरं सांगते. तो गोळा बघताक्षणी मला माहीत होतं की काही बिघडलेलं नाही. मेण वितळलं तर पुन्हा वितळवून तुकडा नव्या मेणात बसवता येतो, ते आमचं रोजचं काम. अर्ध्या तासात मी ते केलंही. पण माझी जीभ आधी सुटली. मी रागीट बाई आहे, घरात आणि लॅबमध्ये सगळे मला टरकून असतात. मी म्हणाले, “हे काय करून बसलात भाई? मेण उन्हात वितळतं, एवढं कळत नाही? पोरीचं आयुष्य होतं त्यात!”

त्याच्या बायकोनं नकाब वर केला. नवऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाली, “मैं बोली थी इनको. गोद में पकड के बस से जाव बोली थी.”

तो मान खाली घालून नखातलं मेण काढत राहिला.

नव्या मेणातला ब्लॉक घेऊन तो मुंबईला गेला. दहा दिवसांनी तिथल्या तपासणीच्या डॉक्टरचा मला फोन आला. तरुण मुलगी असावी, आवाजात आदर होता. “मॅडम, रिपोर्ट देता येणार नाही. डीएनएचा पार भुगा झालाय. तुम्ही फॉर्मलिन कोणतं वापरता?”

मी म्हटलं, “ब्लॉक उन्हात वितळला होता.”

“त्यानं काही होत नाही मॅडम. मेण तर आम्हीही वितळवतो. हे फॉर्मलिनचंच काम आहे. फार कडक होतं का? किती दिवस ठेवलं होतं?”

मी एकास तीन म्हणून सांगितलं. पाच-सहा दिवस म्हणून सांगितलं. क्षार घालत नाही, हेही. मग तिनं विचारलं, दुसरा तुकडा आहे का? होता तो त्याच बाटलीतला चुरा, अजून त्याच फॉर्मलिनमध्ये. आणि पोरीच्या डोक्यात आता काढण्याजोगं काही राहिलं नव्हतं. सर्जननं गाठ फार सफाईनं काढली होती.

फोन ठेवल्यावर मी कपाट उघडून लाल खुणेच्या बाटल्या बघत बसले. वीस बाटल्या असतील. अशा किती बाटल्या मी किती वर्षं वाटल्या, याचा विचार मनात आला आणि मी कपाट लावून टाकलं. त्याच आठवड्यात सगळ्या हॉस्पिटलांना पत्र गेलं, की नव्या पद्धतीनुसार यापुढे क्षार घातलेलं, एकास नऊचंच फॉर्मलिन मिळेल. कशामुळे, ते लिहिलं नाही. सर्जनलाही मी एवढंच कळवलं की नमुना तपासणीला पुरा पडला नाही. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

मग तो आला. एकटाच. टोपी हातात, लॅबच्या त्याच दारात. “मॅडम, तपासनी नाई झाली. माह्याच्याच हातानं झालं ना ते?”

मी तेव्हा बोलू शकले असते. चार वाक्यं होती. पण बाहेर बाकावर पेशंट बसलेले, टेक्निशियन शेजारी उभा, आणि गावात माझं नाव. मी म्हणाले, “जाऊ द्या भाई. झालं ते झालं.”

त्यानं दोन्ही हात जोडले. जे त्यानं केलंच नव्हतं, त्याची मी त्याला माफी देऊन टाकली, आणि ती त्यानं घेतली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या निदान ऐकू तरी येतात. माझं सगळं सभ्य आवाजात पार पडलं.

पोरीला पूर्ण किरणं दिली. डोक्याला आणि पाठीच्या कण्याला, वर औषधं. मुंबईला सहा-सात महिने गेले. ती जगली. हिवरखेडला परत आल्यावर शाळेत नाव पुन्हा घातलं, काढलं, परत घातलं. अक्षरं एकेक करून गेली, असं तिचा बाप सांगायचा. आधी जोडाक्षरं गेली, मग काना-मात्रा. औषधांनी कान अधू झाले. उंची थांबली. गाठ मात्र परत आली नाही. वर्षामागून वर्षं गेली, तसतसे मुंबईचे डॉक्टर म्हणू लागले की बहुतेक मवाळ जातीचीच असणार. बहुतेक. याहून जास्त आता कोणालाच, कधीच सांगता येणार नाही. तिच्या जगण्याचा आनंद व्हायला हवा, आणि मला ती जगते आहे म्हणूनच झोप येत नसे. गाठ जहाल निघाली असती तर पूर्ण किरणं द्यावीच लागली असती आणि मी सुटले असते. असला विचार माझ्या मनात आला आहे, एकदा नाही, पुष्कळदा. तो लिहिल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

हे सगळं मला कळायचं, कारण तो येत राहिला. तेल्हारा-अकोट भागातून कोणाचा ब्लॉक मुंबईला न्यायचा असला की लोक त्याला गाठायचे, गादीवाल्या भाईला सांगा, तो जपून नेतो. जाण्यायेण्याचं भाडं तेवढं घ्यायचा. ब्लॉक ओल्या फडक्यात गुंडाळायचा, तो स्टीलच्या डब्यात, आणि डबा छागलीत. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी, बाहेरून ओली राहते म्हणून आत गारवा धरते. छागल छातीशी धरून तो बसमध्ये बसायचा, उन्हाळा असो की डिसेंबर. थंडीत कशाला, म्हणून मी एकदा विचारलं. “काय भरोसा जी,” म्हणाला.

सहा वर्षं मी हे बघितलं. दर वेळी चहा पाजला. चहा पाजणं सोपं असतं.

मग एक दिवस त्यानं पोरीला बरोबर आणलं. अमरावतीला कानाच्या मशीनचं काम होतं. तेरा वर्षांची झाली होती आणि आठ वर्षांची दिसत होती. मी तिला तिच्या जुन्या जागी, कपाटासमोरच्या स्टुलावर बसवलं. समोर सगळ्या पाट्या तशाच होत्या. ती त्यांच्याकडे बघत होती, जसं आपण भिंतीच्या रंगाकडे बघतो.

अचलपूरकडचा एक तरुण बाप आपल्या मुलाचा ब्लॉक त्याच्याकडे सोपवायला आला होता. माझा भाई त्याला धीर देत होता. “भिऊ नको. माह्या हातातून आता नाई बिघडत. मी माह्या पोरीचा ब्लॉक उन्हात जाळला, तवापासून शिकलो.” असं तो सहज म्हणाला, रोज म्हणत असल्यासारखं. त्या तरुणानं पोरीकडे बघितलं आणि नजर वळवली. मग त्याच्या गाडीची वेळ झाली आणि तो निघून गेला.

मी टेक्निशियनला बाहेर पाठवलं. “भाई,” मी म्हटलं, “मेणानं काही झालं नव्हतं.”

तो डबा पुसत होता. मी सगळं सांगितलं. फॉर्मलिन माझं होतं, कडक होतं, तुकडा त्यात पाच-सहा दिवस पडून होता, तुम्ही ब्लॉक हातात घेतलात तेव्हाच तो निकामी झालेला होता. ती चार वाक्यं सहा वर्षांनीही चारच भरली.

त्यानं डबा खाली ठेवला. “तवाच मालूम होतं तुमाले?”

“दहा दिवसांनी कळलं. मुंबईचा फोन आला होता.”

“त्याच्यानंतर मी इचारलं होतं. इथंच उभं राहून.”

“हो.”

तो ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. ओरडावं, बाटल्या फोडाव्यात, बाहेरच्या बाकावरच्या लोकांना बोलावून सांगावं, असं मला वाटत होतं. तो पोरीजवळ गेला आणि तिच्या कानातलं मशीन सरळ करत राहिला. ते वाकडं नव्हतं.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, “मी हिवरखेडला येते. तुमच्या बायकोला मी माझ्या तोंडानं सांगते.” कारण मला माहीत होतं, त्यानंच एकदा सांगितलं होतं, की तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नाही. एका घरात राहतात, पण जे सांगायचं ते पोरीच्या मार्फत, ‘तेरे अब्बा को बोल’. आणि पोर अर्धं विसरून जाते.

“नोका येऊ जी,” तो म्हणाला.

“का? तुमचा दोष नाही, हे त्यांना कळायला नको?”

तो हळू आवाजात म्हणाला, “सहा वर्सं झाले, पोरीची माय माह्यावर राग धरून जगून रायली. पोरीले न्हाऊ घालते, भरवते, अन लयच भरून आलं त माह्याकडं पायते. मी तिच्यासमोर बसून असतो. तुमी सांगतलं, त मंग ते कोनाकडं पाहीन? तुमी त अमरावतीत रायता.”

त्यानं त्या अचलपूरच्या मुलाचा ब्लॉक उचलला, उजेडात धरून बघितला आणि हात पुढे केला. “फडकं ओलं करून द्या.”

“भाई, आता तर कळलं ना तुम्हाला, त्याची काही...”

“द्या जी.”

मी नळाखाली फडकं भिजवलं, पिळलं आणि त्याच्या हातात दिलं.